बेंजामिन फ्रँकलिन व त्याच्या वाडवडिलांचे गाव

ढगातील वीज आणि घर्षणाने उत्पन्न होणारी वीज ही एकच होय, असे ज्याने प्रतिपादन केले त्या बेंजामिन फ्रँकलिनचे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. त्याच्या पतंगाची व किल्लीची गोष्ट तर मुलांनाही ठाऊक असते. तो मुद्रक होता, पंचांगकर्ता होता, वर्तमानपत्राचा चालक होता. इ. स. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांनी सह्या केल्या त्यांत तो होता, आणि पुढे फ्रान्सच्या दरबारी तोच आपल्या नव्या राष्ट्राचा वकील झाला. ह्या मोठमोठ्या गोष्टी आज बाजूस ठेवून, त्याने वयाच्या ५२ व्या वर्षी केलेल्या एका लहानशा प्रवासाची हकीकत मुख्यतः सांगावयाची आहे. त्या प्रवासात तो आपल्या बापाचे जन्मगाव शोधावयास गेला होता.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. त्या काळी इंग्रजी राज्यात जुनी कालगणना चालत असे व तीप्रमाणे ती तारीख ६ जानेवारी होती. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडेल. त्याचा बाप जोसाया हा चरबीच्या मेणबत्त्या व साबण करून विकीत असे. जोसायाला दोन बायकांपासून मिळून सतरा मुले झाली (पहिली वारल्यावर त्याने दुसरी केली), आणि मुलग्यांत बेंजामिन सर्वांत धाकटा. आपल्या मुलग्यांचा दशमांश म्हणून ह्याला देवाच्या सेवेस द्यावे, असे बापाच्या मनात होते व त्या हेतूने आठव्या वर्षी त्याला शाळेत घातले. परंतु खर्च झेपेना, म्हणून दहाव्या वर्षीच त्याला शाळेतून काढून मेणबत्त्यांच्या वाती कापावयास बसविले.

ह्या घरात इ. स. १७१५ साली जोसायाचा वडील भाऊ इंग्लंडाहून येऊन राहिला. त्याचेही नाव बेंजामिन, आणि ह्याच चुलत्यावरून मुलाचे नाव ठेविले होते. तो धंद्याने रेशीम रंगविणारा, स्वभावाने भाविक, उपदेश ऐकण्याचा मोठा शोकी; ऐकलेले उपदेश तो लघुलिपीत उतरून घेई. त्याच्याजवळ आपल्या घराण्याची काही टिपणेही होती. त्यांवरून असे कळे की, नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात एक्टन म्हणून गाव आहे, तेथे हे घराणे निदान तीनशे वर्षे नांदत होते. सुमारे ३० एकर जमीन त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती आणि तिच्या जोडीला लोहारकी होती. प्रत्येक पिढीत थोरल्या मुलाने ऐरणीवर बसावे व धाकट्यांनी दुसरे धंदे शिकावे, असा त्यांचा परिपाठ. फ्रँकलिन हे आडनावही अर्थपूर्ण आहे. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ असा की, जो कोणाचा बंदा नव्हे व ज्याची जमीन त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे, असा शेतकरी.

चुलत्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी एक मुलाच्या मनात कायमची राहिली. मेरी राणीच्या कारकीर्दीत, म्हणजे इ. स. १५५३ ते १५५८ ह्या वर्षांत, इंग्लंडात प्रॉटेस्टंट लोकांचा छळ झाला व पुष्कळांस जाळून मारण्यात आले. लोकभाषेतील पवित्र शास्त्र घरी वाचणे म्हणजे संकट ओढवून घेणे होते. ह्या लोहाराच्या घरी इंग्रजी पवित्र शास्त्राची एक प्रत होती. ती त्यांनी उघडी करून, फितींनी बांधून, एका लाकडी स्टुलाच्या बैठकीच्या खालच्या अंगास बसविली होती. बेंजामिनचा खापरपणजा कुटुंबाला वाचून दाखवी तेव्हा ते स्टूल उलटे करून मांडीवर घेई व फितींखालून एकेक पान सरकवी. एक मूल दाराशी उभे असे. धर्मन्यायालयाचा शिपाई येताना दिसला की ते इशारा देई. लागलीच स्टूल पायांवर उभे, आणि शास्त्र पहिल्याप्रमाणे त्याच्या पोटाखाली गुप्त. आलेल्या शिपायाला दिसे ते एवढेच की, लोहार आपल्या बायकामुलांत बसला आहे.

घरात पुस्तक एकच, ते चार चौघांच्या डोळ्यांदेखत ठेवलेले, आणि पहाऱ्यावर एक लहान मूल! ज्यांच्या घरी पहिले शास्त्र भाऊबंदांच्या नजरेआड पेटीत किंवा कणगीत ठेवावे लागले असेल, त्यांना ह्या गोष्टीचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे राजे पालटले तरी राजमान्य मंडळीहून निराळ्या रीतीने उपासना करणारांस सुख नव्हते. इ. स. १६६२ च्या कायद्याने, सक्तीचे उपासनापुस्तक मान्य न करणाऱ्या सुमारे दोन हजार पाळकांना त्यांच्या जागांवरून दूर करण्यात आले. त्यांपैकी काहीजण नॉर्थॅम्प्टनशायरात खाजगी सभा भरवीत. घराण्यातील बाकीचे राजमान्य मंडळीतच राहिले. फक्त बेंजामिन व जोसाया हे दोघे भाऊ ह्या पाळकांस जाऊन मिळाले. जोसाया तेव्हा बॅन्बरी गावी थोरल्या भावाच्या हाताखाली रंगाऱ्याचे काम शिकून लग्न करून राहिला होता. अशा सभा कायद्याने बंद केलेल्या, त्यांत वारंवार व्यत्यय. म्हणून ओळखीच्या काही प्रतिष्ठित लोकांनी समुद्रापलीकडे जावयाचे ठरविले व जोसायालाही बरोबर घेतले. इ. स. १६८३ साली बायको व तीन मुले घेऊन तो बॉस्टनला उतरला. त्या नव्या मुलुखात रंगीत कपड्यांस गिऱ्हाईक थोडे. रंगाऱ्याच्या धंद्यावर पोट भरेना, म्हणून तो मेणबत्त्या करू लागला. ऐरणीपासून रंगाच्या कढईकडे, कढईपासून चरबीच्या कढईकडे, असा ह्या घराण्याचा प्रवास झाला.

आईच्या बाजूचाही वृत्तांत थोडक्यात सांगतो, कारण तो आमच्या शिक्षकबंधूंस आवडेल. तिचे नाव अबाया. तिचा बाप पीटर फोल्जर हा इंग्लंडातील नॉर्विच शहराकडून आलेला, नव्या वसाहतीच्या अगदी पहिल्या लोकांपैकी एक. तो जमिनीची मोजणी करी, अनेक प्रकारची हस्तकौशल्ये जाणत असे. तद्देशीय इंडियन लोकांची भाषा तो शिकला, आणि मार्थाज् व्हिनयार्ड नावाच्या बेटावर मेह्यू ह्या मिशनरीच्या हाताखाली त्याने त्या लोकांच्या मुलांस शिकविले. बॅप्टिस्ट व क्वेकर लोकांचा जो छळ वसाहतीत होत असे त्याविरुद्ध त्याने पद्य रचले. म्हणजे स्वतः छळामुळे देश सोडून आलेले लोक दुसऱ्यांस छळू लागले, हे त्याला सहन झाले नाही.

बेंजामिनच्या तरुणपणाचा इतिहास प्रसिद्धच आहे. बाराव्या वर्षी तो आपल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार राहिला. भावाशी पटेना म्हणून इ. स. १७२३ साली पळून फिलाडेल्फियास गेला. तेथे कष्टाने स्वतःचा छापखाना उभा केला. इ. स. १७३१ साली वर्गणीचे ग्रंथालय, १७३६ साली आग विझविणारांची मंडळी, १७५१ साली इस्पितळ, ह्या सर्वांत त्याचा हात होता. थोर उपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड याची प्रवचने व रोजनिशी त्याने छापली. दोघांची मैत्री मरेपर्यंत टिकली, परंतु व्हिटफील्डची इच्छा होती तसा पालट त्याच्या मित्रात झाला नाही. हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. फ्रँकलिन देवाला मानी, प्रार्थनेला मान देई, पण ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी तो अखेरपर्यंत साशंक राहिला. ज्या पुस्तकासाठी त्याच्या खापरपणज्याने जीव धोक्यात घातला, ते पुस्तक ह्याच्या छापखान्याच्या देशात उजळ माथ्याने विकत मिळत होते; तरी खापरपणज्याचा विश्वास काही ह्याला वारशाने मिळाला नाही.

इ. स. १७५७ साली पेन्सिल्व्हेनियाच्या कायदेमंडळाने त्याला आपला मुखत्यार करून लंडनला पाठविले. वसाहतीचे मालक जे पेन घराणे, त्यांनी आपल्या जमिनींवर इतरांप्रमाणे कर द्यावा, हा तंटा होता. बरोबर त्याचा मुलगा विल्यम होता, आणि दोन नीग्रो गुलामही होते. एकाचे नाव पीटर व दुसऱ्याचे किंग. लंडनचे काम लांबत चालले, तेव्हा इ. स. १७५८ च्या उन्हाळ्यात बापलेक पूर्वजांच्या शोधास निघाले.

प्रथम ते वेलिंगबरो येथे गेले. तेथे थोरल्या चुलत्याची, म्हणजे थॉमसची, एकुलती एक मुलगी मेरी फिशर ही आपल्या नवऱ्यासह राहत होती. दोघेही वृद्ध, पैशाने सुखी. त्यांची एकच मुलगी लग्नाआधीच वारली होती. तिने चुलत्याची काही जुनी पत्रे पाहुण्याच्या हाती दिली व उरलेले आप्त कोठे कोठे आहेत ते सांगितले. त्याप्रमाणे शोध करिता जोसायाच्या एकुलत्या एका बहिणीची मुलगीही सापडली. ती अविवाहित, फार म्हातारी व गरीब. परंतु मोठी शहाणी, आणि आपल्या स्थितीत इतकी संतुष्ट व आनंदी की फ्रँकलिनने तिच्याविषयी घरी बायकोला मुद्दाम लिहिले. राजाच्या दरबारात वावरणाऱ्या ह्या मनुष्याला आपली आतेबहीण गरीब आहे हे सांगावयास संकोच वाटला नाही, ही गोष्ट मला विशेष वाटते.

वेलिंगबरोहून एक्टन तीन-चार मैल. तेथे जुने घर पाहिले. दगडी, पडावयास आलेले. तरी गावकरी त्याला अद्याप फ्रँकलिनचे घर असेच म्हणत. मेरीच्या नवऱ्याने ते विकून टाकले होते. जमीन दुसऱ्याच्या शेताला जोडली गेली होती आणि घरात शाळा भरत होती. तीनशे वर्षांच्या लोहारशाळेचे एवढेच उरले होते.

नंतर ते गावच्या पाळकाकडे गेले. त्याने त्यांचा चांगला आदरसत्कार केला व मंडळीची जुनी नोंदवही काढून दाखविली. आपल्या मंडळीत बाप्तिस्मा, लग्न व मूठमाती यांची नोंद ठेवितात, तशीच ती वही. फरक इतकाच की तीत दोनशे वर्षांच्या नोंदी होत्या. फ्रँकलिनने पुढे लिहून ठेविले आहे की, इ. स. १५५५ पासूनची आपल्या घराण्याची नावे त्याला तीत मिळाली. ती नावे जुळविता एक गमतीची गोष्ट निघाली. तो स्वतः धाकटा मुलगा, त्याचा बाप धाकटा, आजा धाकटा, अशा पाच पिढ्या धाकट्याचा धाकटा. तेव्हा घराण्यात मोठी इस्टेट असतीच, तरी आपल्या वाट्यास येण्याचा संभव सर्वांहून कमी होता, असे त्याने त्या वृद्ध बहिणीला विनोदाने कळविले.

पाळकाची बायको वयस्क, बोलकी व मनमिळाऊ होती. तिला थॉमस फ्रँकलिनविषयी पुष्कळ आठवत होते. हा थॉमस लोहार म्हणूनच वाढलेला, पण बुद्धिमान. गावच्या एका सधन गृहस्थाने उत्तेजन दिल्यावरून तो दस्तऐवज लिहावयास शिकला व परगण्याच्या कामकाजात मोठा वजनदार झाला. त्याने वर्गणी जमवून देवळाच्या मनोऱ्यात सुस्वर घंटा बसविल्या. त्या वाजताना बापलेकांनी ऐकल्या. नदीला पूर आला की गावची कुरणे बुडत. त्यावर त्याने सोपी तोड काढली. ती कशी साधेल हे कोणालाच समजेना, पण फ्रँकलिन म्हणतो म्हणजे होईलच असे म्हणून लोक गप्प राहिले, आणि तसे झालेही. काही लोकांना तर तो जादूगार वाटे! हे ऐकत असताना विल्यमला आपल्या बापाचेच वर्णन चालले आहे असे वाटले. त्यात आणखी असे की, थॉमस वारला तो जुन्या गणनेच्या ६ जानेवारीस, फ्रँकलिनच्या जन्माच्या बरोबर चार वर्षे आधी. तो जन्माच्याच दिवशी वारला असता तर आत्मा एका देहातून दुसऱ्यात गेला असे लोकांनी मानले असते, अशी विल्यमने थट्टा केली. पुनर्जन्माची कल्पना इंग्रजांच्या तोंडीही, थट्टेने का होईना, येते म्हणावयाची.

मग त्या बाई त्यांना स्मशानभूमीत घेऊन गेल्या. फ्रँकलिन घराण्याच्या कबरांचे दगड तेथे होते, पण त्यांवर शेवाळ इतके माजले होते की अक्षर लागेना. बाईंनी पाण्याचे भांडे व कठीण कुंचला मागविला. पीटरने गुडघे टेकून दगड घासून स्वच्छ केले; विल्यमने त्यांवरील मजकूर उतरून घेतला.

ही हकीकत फ्रँकलिनने स्वतःच पत्रात कळविली आहे आणि पीटरचे नाव तीत ओघानेच आले आहे. पण वाचणाराने तेथे क्षणभर थांबावे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांची व त्यांच्या संततीची नावे धनी ठेवी. बहुधा ती हिशेबाच्या वहीत, गुरे व अवजारे यांच्या शेजारी लिहिली जात, आणि आडनाव क्वचितच असे. ज्या नावाचा अर्थच मोकळा मनुष्य, ते नाव दगडावर वाचता यावे म्हणून एक गुलाम शेवाळ घाशीत होता. इंग्लंडास निघण्यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात फ्रँकलिनने आपल्या मरणानंतर पीटर व त्याची बायको जेमायमा यांस मुक्त करावे, असे लिहिले होते. आपण जिवंत आहोत तोवर नव्हे. दुसरा गुलाम किंग ह्याने इतकी वाट पाहिली नाही. हे लोक बाहेरगावी गेले असता तो घरातून निघून गेला व पुढे सफोक परगण्यात एका बाईंच्या आश्रयास सापडला. त्या बाईंनी त्याला ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देण्याचे मनावर घेतले, शाळेत पाठविले, लिहिणे-वाचणे व वाद्ये वाजविणे शिकविले.

फ्रँकलिनचे मन ह्या बाबतीत सावकाश पालटले. तरुणपणी त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत. म्हातारपणी, इ. स. १७८७ साली, तो पेन्सिल्व्हेनियातील गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि फेब्रुवारी १७९० मध्ये, मरणापूर्वी दोन महिने, गुलामांस मोकळे करावे असा अर्ज त्याच्या सहीने काँग्रेसकडे गेला.

एक्टनच्या प्रवासाचे फळ तेरा वर्षांनी दिसले. इ. स. १७७१ साली ट्वायफर्ड येथे एका बिशप मित्राच्या घरी राहिला असता त्याने आपले आत्मचरित्र लिहावयास घेतले. ते विल्यमला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने आहे, आणि त्याचा आरंभच त्या प्रवासाच्या आठवणीने, वहीने, लोहारांनी व स्टुलाखालच्या शास्त्राने होतो. विल्यम त्या वेळी न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. चार वर्षांनी युद्ध पेटले. बाप स्वातंत्र्याच्या पक्षाला, मुलगा इंग्लंडच्या राजाच्या पक्षाला. विल्यम कैदेत पडला. बापाने त्याच्यासाठी शब्द टाकला नाही. इ. स. १७८५ साली साउथॅम्प्टन बंदरात त्यांची भेट झाली ती देण्याघेण्याचे व्यवहार उरकण्यापुरती. मृत्युपत्रात त्याला फारसे काही ठेविले नाही, आणि त्याचे कारण युद्धातील त्याची वागणूक होय असे तीत लिहून ठेविले. ज्या दोघांनी मिळून पाच पिढ्यांचे दगड वाचले, त्यांना एका पिढीचे नाते सांभाळता आले नाही. येथे दोष मुलाचाच होता असे मला तरी म्हणवत नाही.

तथापि कुळाचा अभिमान कशाचा बाळगावा, ह्याविषयी त्याचे मत एक्टनपासून कधी ढळले नाही. इ. स. १७८३ साली अमेरिकेच्या काही सेनाधिकाऱ्यांनी वंशपरंपरेने चालणारी मानाची संस्था काढली, तेव्हा इ. स. १७८४ साली त्याने आपल्या मुलीला पत्र लिहून तिची थट्टा केली. त्याने हिशेबच मांडला. मुलात बापाचा वाटा अर्धा, नातवात चौथाई, आणि असे निम्मे निम्मे करीत नवव्या पिढीस तो ५१२ वा हिस्सा राहतो. तेवढ्यासाठी मानाची पदवी कशाला? चीन देशात पराक्रमी मनुष्याचा मान त्याच्या आईबापांस मिळतो, मुलांस नव्हे. ती रीत त्याला अधिक शहाणपणाची वाटली. त्याच सुमारास, अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या युरोपीय लोकांसाठी लिहिलेल्या एका पत्रकात त्याने बजावले की, तेथे उच्च कुळाला बाजारात किंमत नाही. आपले पूर्वज दहा पिढ्या नांगरे, लोहार, सुतार, कोष्टी, चांभार होते असे कोणी सिद्ध करून दिले तर तेथील मनुष्य त्याचे अधिक उपकार मानील. कारण मग ते पूर्वज जगाच्या उपयोगी पडले असे ठरते. हे त्याने ज्या युरोपाकरिता लिहिले, तेथे चांभाराचे पोर असणे ही लाज होती.

बॉस्टन येथील आईबापांच्या कबरेवर त्याने संगमरवरी दगड बसविला होता. जमीनजुमला किंवा मोठा किफायतीचा धंदा नसता, नित्य श्रमाने व देवाच्या आशीर्वादाने त्यांनी मोठे कुटुंब नीट चालविले व तेरा मुले आणि सात नातवंडे चांगल्या रीतीने वाढविली, अशा अर्थाचा मजकूर त्याने त्यावर कोरविला. वाऱ्यापावसाने तो दगड झिजला, तेव्हा इ. स. १८२७ साली बॉस्टनच्या नागरिकांनी तेथे नवा स्तंभ उभारला व तोच मजकूर त्यावर पुन्हा घातला.

फ्रँकलिन स्वतः १७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, फिलाडेल्फियात वारला. आपल्या मृत्युपत्राच्या आरंभी स्वतःची ओळख देताना त्याने वकिलातीच्या व अध्यक्षपणाच्या पदव्यांआधी मुद्रक हा शब्द लिहिला होता. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला बायकोच्या शेजारी पुरले. वर साधा दगड आहे; त्यावर बेंजामिन व डेबोरा फ्रँकलिन ही नावे आणि १७९० हे साल, एवढेच कोरले आहे.